दर लाखातली एक: नाशिक भागातील मल्टिपल स्क्लेरोसिसचा प्रकरण अभ्यास

आधी एक खुलासा. इथली वैशाली म्हणजे कोणी एक खरी बाई नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस (पुढे एमएस), म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतल्या तंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण जागोजाग जाऊन डाग पडण्याचा आजार, आपल्या भागात ज्या वाटांनी मेंदूच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचतो, त्या वाटा एका रुग्णात एकत्र करून शिकवण्यासाठी हे प्रकरण रचले आहे. आजाराविषयीची माहिती आणि आकडे मात्र रचलेले नाहीत.

वैशाली, वय २९, बारावी झालेली. माहेर दिंडोरी तालुक्यात, सासर निफाड तालुक्यातल्या मळ्यात. सहा एकर द्राक्षबाग, घरात नवरा, सासूसासरे आणि पाच वर्षांचा मुलगा. फेब्रुवारीत तोडणी ऐन भरात असताना तिला एकाचे दोन दिसायला लागले. दोन दिवसांनी चालताना तोल जाऊ लागला, डावा गाल बधिर झाला. गावातल्या डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या, मग कोणीतरी मानेचा पट्टा सुचवला. व्यापाऱ्याची गाडी रोज दारात उभी, त्यामुळे नऊ दिवस असेच गेले. दहाव्या दिवशी पिंपळगावच्या एका फिजिशियनने तिच्या डोळ्यांसमोर नुसते बोट फिरवले. डावीकडे पाहायला सांगितले तर उजवा डोळा नाकाकडे वळेना आणि डावा डोळा थरथरत राहिला. उजवीकडे पाहताना तेच, बाजू उलटून. दोन्ही डोळ्यांच्या हालचालींना जोडणारी मेंदूच्या खोडातली वाट दोन्ही बाजूंनी बिघडल्याची ही खूण आहे, आणि तरुण माणसात ती दिसली की एमएसचा संशय सर्वांत आधी घ्यायचा असतो. त्यांनी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन तिला नाशिकला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवले. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत मोलाची तपासणी हीच होती.

नाशिकला पहिला प्रश्न ठरलेला: याआधी असे काही झाले होते का? वैशाली म्हणाली, नाही. नवऱ्यानेही मान हलवली. सोबत तिची आई आली होती. ती म्हणाली, "अगं, बाळंतपणात तुझा उजवा डोळा अंधारला होता की! महिनाभर तरी चाललं होतं."

ते असे. पाच वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी होती. बाळ दोन महिन्यांचे असताना उजव्या डोळ्याने धुरकट दिसू लागले, डोळा फिरवला की दुखायचे, लाल रंग फिका वाटायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्याच्या पडद्यावर काही सापडले नाही, आणि ते स्वाभाविक होते, कारण सूज डोळ्यामागच्या नसेत होती. गोळ्यांचा कोर्स झाला आणि दीड महिन्यात दिसू लागले. शेजारच्या बायकांनी बाळंतवात म्हटले. ती सासरी आली तेव्हा डोळा बरा होता, त्यामुळे सासरी कोणाला काही सांगायचे राहिले. कागद माहेरच्या कपाटात पडले.

मग नवऱ्याला आठवले की तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या वेळी तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. बधिरपणा तळपायांपासून चढत कमरेपर्यंत आला आणि कमरेभोवती कोणी घट्ट पट्टा आवळावा तसे वाटत राहिले. घरच्यांना फवारणीचा संशय आला. हाडांच्या डॉक्टरांकडे कमरेचा एमआरआय झाला, गादी किंचित बाहेर आल्याचा रिपोर्ट मिळाला, बी१२ ची इंजेक्शने सुरू झाली. तीन आठवड्यांत बधिरपणा ओसरला आणि श्रेय इंजेक्शनांना गेले. बी१२ ची कमतरता आपल्याकडे इतकी सर्रास आढळते की तो तर्क अजिबात वावगा नव्हता. चुकली ती पातळी. कमरेच्या मणक्यात मज्जारज्जू जवळजवळ संपलेला असतो. शरीराभोवती पट्टा आवळल्याची जाणीव बहुतेक वेळा छातीच्या किंवा मानेच्या पातळीवरच्या डागातून येते, आणि कमरेच्या चित्रात तो भाग येतच नाही. "कमरेचा एमआरआय नॉर्मल" या तीन शब्दांनी आपल्याकडे किती मज्जारज्जूचे आजार झाकले गेले असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यातली एक गोष्ट ती स्वतः सांगू लागली, तीही खोदून विचारल्यावर. खरड छाटणीनंतर दुपारी बागेत काम करताना, किंवा चुलीपुढे भाकऱ्या थापताना, उजव्या डोळ्यापुढे धूर यायचा. सावलीत बसून पाणी मारले की अर्ध्या तासात साफ. घरी सगळे म्हणत, ऊन लागले. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलेले लक्षण नेमके हेच. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश जेमतेम जातो, शरीराचे तापमान जरासे वाढले की तेवढाही जात नाही. एमआरआय येण्याआधी काही ठिकाणी रुग्णाला गरम पाण्यात बसवून हा आजार शोधत असत. निफाडमध्ये उन्हाळ्यात ही चाचणी निसर्गच करतो, फक्त निकाल वाचणारे कोणी नसते. हा नवा झटका नव्हता, जुन्या डागाची आठवण होती. झटका म्हणायचे तर लक्षण किमान चोवीस तास टिकावे लागते आणि त्याला ताप किंवा उष्णता कारण असता कामा नये.

मान खाली घातली की पाठीतून पायांपर्यंत करंट जातो, हेही तिने सांगितले. ते तिला आजार वाटले नव्हते. "कामाने होतं," एवढेच.

तपासणीत उजव्या बाहुलीची प्रकाशाला प्रतिक्रिया मंद, उजव्या डोळ्याच्या नसेचे टोक फिकट, दोन्ही तळपायांची प्रतिक्षिप्त क्रिया उलटी, आणि सरळ रेषेत चालणे जमेना. लघवीची घाई वर्षभरापासून होती, पण ती गोष्ट तिने नवरा बाहेर गेल्यावर सांगितली. अपंगत्व मोजायची जॉन कर्टझ्के यांची शून्य ते दहाची पट्टी (ईडीएसएस) आहे. तीवर ती साडेतीनला होती. सहाला माणसाला काठी लागते.

म्हणजे पाच वर्षांत तीन खरे झटके, तीन वेगवेगळ्या ठिकाणी: डोळ्याची नस, मज्जारज्जू, मेंदूचे खोड. तिन्ही वेळा वेगळा डॉक्टर, आणि पहिले दोन झटके ओसरलेले. हा आजार सुरुवातीला सुमारे ८५ टक्के रुग्णांत असाच येतो, झटका येतो आणि उतरतो. पुस्तकात हे चांगले लक्षण म्हणून वाचायला मिळते. माझ्या मते आपल्या भागात निदान हुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच बरे वाटणे आहे. त्यात मुलीचा आजारपणाचा इतिहास लग्नानंतर दोन घरांत वाटला जातो. वैशालीसोबत त्या दिवशी आईऐवजी सासू आली असती, तर पहिला झटका कागदावर आलाच नसता. तरुण विवाहित बाईच्या बाबतीत माहेरच्या माणसाला फोन लावणे हा तपासणीचाच भाग मानायला हवा.

नाव देण्याआधी

मेंदूचा आणि संपूर्ण मणक्याचा एमआरआय, या वेळी रंगद्रव्य टोचून. मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला उभे, लंबगोल डाग, एक डाग बाहेरच्या थराला चिकटून, एक खोडात, आणि छातीच्या पातळीवर मज्जारज्जूत एक छोटा डाग, एका मणक्याच्या उंचीपेक्षाही कमी. खोडातल्या डागाने रंगद्रव्य धरले, म्हणजे तो ताजा. बाकीच्यांनी धरले नाही, म्हणजे ते जुने. आजार वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी पसरल्याचा पुरावा मागणे हा एमएसच्या निदानासाठी २००१ पासून वापरल्या जाणाऱ्या मॅकडोनाल्ड निकषांचा गाभा आहे. इथे तो एकाच तपासणीत मिळाला. २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नसही अधिकृत जागांमध्ये आली आहे, त्यामुळे माहेरच्या कपाटातला तो कागद आता नुसता पूर्वेतिहास राहिलेला नाही.

तरी लगेच नाव द्यायचे नसते. भारतात डोळा आणि मज्जारज्जू मिळून बिघडले की एका दुसऱ्या आजाराचा विचार करावाच लागतो: न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एनएमओ. १८९४ मध्ये डेव्हिक यांनी वर्णिलेला हा आजार शंभर वर्षांहून अधिक काळ एमएसचाच एक प्रकार समजला गेला. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांना या रुग्णांच्या रक्तात वेगळी प्रतिपिंडे सापडली. पुढच्याच वर्षी ती अॅक्वापोरिन-४ या पेशींत पाण्याची ने-आण करणाऱ्या प्रथिनाविरुद्ध असल्याचे समजले, आणि दोन आजार कायमचे वेगळे झाले. एनएमओमध्ये मज्जारज्जूतला डाग तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब असतो, नजर जास्त जाते आणि कमी परत येते, काहींना थांबता न थांबणारी उचकी आणि उलट्या होतात आणि ते आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जातात.

हा फरक केवळ नावाचा असता तर त्यावर इतके लिहिले नसते. एमएसची काही औषधे, उदाहरणार्थ इंटरफेरॉन बीटा, फिंगोलिमोड आणि नॅटालिझुमॅब, एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार बळावू शकतो. शिवाय २००४ आधीच्या भारतीय रुग्णालयांच्या नोंदींत "आपल्याकडे डोळा आणि मज्जारज्जूचा एमएस जास्त" असे जे वाचायला मिळते, त्यात एनएमओचे रुग्ण मिसळलेले असणार. म्हणजे आपल्या लोकसंख्येतल्या एमएसचे जे चित्र आपण शिकलो, त्याचा काही भाग दुसऱ्याच आजाराचा होता.

वैशालीच्या बाबतीत पेशींवर केलेली अॅक्वापोरिन-४ ची आणि एमओजीची (मायलिनवरच्या एका प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची) चाचणी नकारात्मक आली. बी१२, थायरॉइड, एचआयव्ही, सिफिलिस आणि ल्युपसच्या चाचण्यांत काही निघाले नाही. सासऱ्यांना पूर्वी टीबी होऊन गेलेला, त्यामुळे मेंदूच्या टीबीचा विचार पाठीच्या पाण्याची तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवला नाही. त्या पाण्यात पेशी जवळजवळ नव्हत्या, साखर व्यवस्थित होती, आणि रक्तात नसलेले प्रतिपिंडांचे पट्टे मात्र होते. युरोपीय रुग्णांत दहापैकी नऊ जणांत हे पट्टे सापडतात. भारतातल्या नोंदींत प्रमाण त्याहून कमी आहे, म्हणून इथे पट्टे नसले तरी निदान खोडून काढता येत नाही. असले तर वजन वाढते.

नाशिकमध्ये किती?

फ्रेंच मेंदूतज्ज्ञ जाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसमध्ये या आजाराला ठोस रूप दिले, आणि तेव्हापासून तो थंड देशांचा, गोऱ्या लोकांचा मानला गेला. विषुववृत्तापासून जितके दूर तितका जास्त, हा नकाशा कर्टझ्के यांनी पक्का केला. दर लाखात ३० हून जास्त तो उच्च प्रदेश, ५ हून कमी तो निम्न. भारत निम्न रकान्यात बसला. रुग्णालयांच्या नोंदींवरून काढलेला जुना भारतीय आकडा दर लाखात १.३३ इतका होता.

मग मंगळूरमध्ये लेखा पंडित आणि सहकाऱ्यांनी शहराची लोकसंख्या समोर ठेवून मोजणी केली आणि २०१४ मध्ये आकडा दिला: दर लाखात ८.३५. एनएमओ वेगळा मोजून. मंगळूर नाशिकपेक्षा विषुववृत्ताच्या जवळ आहे, म्हणजे अक्षांशाच्या हिशेबाने तिथे कमी असायला हवा होता.

नाशिक जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ६१ लाख ७ हजार. जुन्या दराने जिल्ह्यात एमएसचे सुमारे ८१ रुग्ण येतात, मंगळूरच्या दराने ५१०. शहरी मंगळूरचा दर सुरगाणा-पेठला जसाच्या तसा लावणे बरोबर नाही, हे उघड आहे. दोन आकड्यांमधले चारशेवर लोक अस्तित्वात आहेत की नाहीत, हे मात्र अक्षांशावर ठरत नाही. किती जणांच्या डोळ्यांपुढे कोणी बोट फिरवले, यावर ठरते.

याचा एक जुना पुरावा मुंबईत आहे. नाशिककरांना देवळालीतली पारशी आरोग्यधामे आणि बंगले ठाऊक आहेत. त्याच समाजाच्या मुंबईतल्या वसाहतींत न्यूरोलॉजिस्टांच्या गटाने घरोघर जाऊन पाहणी केली, आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला एमएसचा आकडा दर लाखात सुमारे २६ होता. शहर तेच, ऊन तेच, अक्षांश तोच. वंशाचा वाटा यात नक्कीच आहे. एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा जनुकप्रकार जगभरात एमएसशी जोडलेला सापडतो आणि पारशी समाज शतकानुशतके आपसातच लग्ने करत आला. पण त्यांची मोजणी घरोघर झाली, बाकी मुंबईकर रुग्णालयात आले तेवढेच मोजले गेले, हे विसरून दोन आकडे शेजारी मांडणे मला पटत नाही.

संसर्गाचा धागा अलीकडे घट्ट झाला आहे. अमेरिकी लष्करातील सुमारे एक कोटी लोकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसची जोखीम ३२ पट वाढलेली दिसली. दाटीच्या घरांत हा विषाणू लहानपणीच, फारसा त्रास न देता येऊन जातो. तो विशीच्या आसपास आला आणि ताप-गाठींचे आजारपण झाले, तर एमएसची जोखीम जास्त. गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या एकुलत्या मुलाला आणि मळ्यातल्या एकत्र कुटुंबातल्या मुलाला हा विषाणू एकाच वयात भेटत नसावा. पुढच्या पिढीत शहरातला आकडा वाढला तर त्याचा दोष केवळ एमआरआय यंत्रांच्या संख्येला देता येणार नाही. धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता हेही जोखीम वाढवणारे घटक आहेत.

जगाचा आकडा २०२० च्या एमएस अॅटलासमध्ये २८ लाख, म्हणजे दर लाखात ३६. २०१३ मध्ये तो २३ लाख होता. वाढीचा मोठा वाटा चांगल्या मोजणीचा आणि रुग्ण जास्त जगत असल्याचा आहे.

वय आणि लिंग या बाबतींत वैशाली अगदी पुस्तकातली आहे. सुरुवात बहुधा २० ते ४० वयात होते, बायकांत पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट. पहिल्या झटक्याची वेळही तशीच: बारा युरोपीय देशांतील २५४ स्त्रियांच्या १९९८ च्या अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झटके बरेच कमी झाले आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढले. आपल्याकडे ते तीन महिने माहेरी जातात, म्हणून या काळातले बधिरपण, अंधारणे, तोल जाणे हे सगळे "वात" या एका पोत्यात भरले जाते. आणखी एक गोष्ट. रुग्णालयाच्या नोंदीत तिच्या आजाराच्या सुरुवातीचे वय २९ पडले होते. आईमुळे ते २४ झाले. निदानाच्या वयालाच सुरुवातीचे वय समजले, तर "भारतात हा आजार उशिरा सुरू होतो" असा निष्कर्ष कागदावर सहज तयार होतो.

उपचार आणि पुढचे

मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज एक ग्रॅम, शिरेतून पाच दिवस. साखर तपासत राहिले. झोप उडाली, ती अपेक्षित होती. दोन आठवड्यांत दोन दोन दिसणे थांबले, तोल यायला सहा आठवडे लागले. स्टेरॉइडने झटका लवकर उतरतो, पुढचा झटका टळत नाही. पाच वर्षांपूर्वी डोळ्यासाठी तिला कमी मात्रेच्या स्टेरॉइड गोळ्याच मिळाल्या होत्या. डोळ्याच्या नसेच्या सुजेत केवळ तशा गोळ्या दिल्या तर सूज पुन्हा येण्याचे प्रमाण वाढते, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने १९९२ मध्येच दाखवले आहे. त्याच रुग्णांचा १५ वर्षे पाठपुरावा झाला तेव्हा मेंदूत एक तरी डाग असलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांना एमएस झाला, एकही नसलेल्यांपैकी २५ टक्के लोकांना. पहिल्याच वेळी मेंदूचा एमआरआय का करावा, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पुढचे झटके थोपवायला काय द्यायचे, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. १९९३ पासून वापरात असलेली इंटरफेरॉनची इंजेक्शने स्वतः टोचायची होती. टेरिफ्लुनोमाइडची गोळी सोयीची, पण दुसरे मूल हवे असल्याने ती बाद. ऑक्रेलिझुमॅब परवडणारे नव्हते. शेवटी सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून रिटुक्सिमॅब ठरले. एमएससाठी त्याची अधिकृत मान्यता नाही, तरी भारतात आणि स्वीडनमध्ये ते भरपूर वापरले जाते, आणि भारतीय बनावटीचे असल्याने खर्च आवाक्यात येतो. त्याआधी हिपॅटायटिस बी, छातीचा एक्स-रे, टीबीची रक्तचाचणी, लसी. सासऱ्यांच्या जुन्या टीबीमुळे ही पायरी कोणालाही गाळू दिली नाही.

घरच्यांचा मुख्य प्रश्न औषधाचा नव्हताच. सासूबाईंनी विचारले, "डॉक्टरसाहेब, हे फवारणीनं झालं का?" नाही. "पोराला होईल का?" जोखीम थोडी जास्त असते, काही टक्के, म्हणजे बहुतेकांना होत नाही. लक्षणे नसताना मुलाचा एमआरआय करायचा नाही. दरम्यान घरचे वणीला सप्तशृंगीला जाऊन आले. सलाईनची तारीख त्यामुळे पुढे ढकलली नाही, एवढे पुरे होते.

कामाची फेररचना नवऱ्याने केली. मार्च ते जून ती बागेत सकाळी नऊपर्यंतच, नंतर शेडमध्ये पंख्याखाली प्रतवारी आणि हिशेब. ओला पंचा मानेवर. लघवीच्या घाईला गोळी मिळाली, पण बागेत स्वच्छतागृह नसल्याने ती दिवसभर पाणीच पीत नसे. बांधाला पत्र्याचे स्वच्छतागृह झाल्यावर पाणी पिणे सुरू झाले आणि मूत्रसंसर्ग थांबले.

दिव्यांग प्रमाणपत्राचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, पण बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात आणि मोजणी त्या दिवशी दिसेल त्यावर होते. जानेवारीत सकाळी गेली तर ती सरळ चालते. मे महिन्याच्या दुपारी तिला भिंत धरावी लागते. मुंबईत १९८५ पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाकडे तिला पाठवले आहे.

दोन वर्षांनंतरची स्थिती: नवा झटका नाही, एमआरआयमध्ये नवा डाग नाही, ईडीएसएस दोन. उजव्या डोळ्याने लाल रंग अजून फिकाच दिसतो. मणी रंगलेत की नाही हे ती डावा डोळा लावून ठरवते. दुसऱ्या मुलाचा विचार पक्का झाला आहे. पुढच्या मात्रेनंतर काही महिने थांबून प्रयत्न करायचा, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ती दिंडोरीला असेल तर नाशिकच्या डॉक्टरांचा नंबर आणि एमआरआयची सीडी तिच्या आईकडे ठेवायची, असे फाइलमध्ये लिहिले आहे.